बत्तीस मिलिमीटर

बुरुलचं पत्र येऊन अकरा महिने झाले होते आणि एसेनकुलने त्याला उत्तर दिलं नव्हतं. वहीचं आखीव पान, कोपऱ्यावर ग्रीसने माखलेल्या अंगठ्याचा ठसा, आणि थोरल्यांना म्हणतात तसं ‘आगाय’ म्हणून सुरुवात.

“आदरणीय आगाय, मी कोक-जारच्या पाणी चढवायच्या केंद्रावर मेकॅनिक आहे. तुमच्या कारखान्याच्या पंपाचं झाकण सहा बोल्टांवर बसतं. बोल्ट तुटत नाहीत. भोकातले आटे अंगावर घेऊन सबंध बाहेर येतात. दोन पंप असे गेले. पूर्वी पंप बिडाचा होता, तेव्हा वीस मिलिमीटर आटे पुरत. आता अॅल्युमिनियमचा आहे, तरी वीसच. तिसरा पंप अजून खोक्यात आहे. बसवण्याआधी भोकं खोल करून पुढे आटे पाडू का? किती? एक आकडा कळवा.”

आकडा एसेनकुलला पत्र वाचतानाच ठाऊक होता. सोळा मिलिमीटर जाडीचा बोल्ट, मऊ धातू, तेव्हा जाडीच्या दुप्पट. बत्तीस. पण तो कारखान्याच्या मानक विभागाचा प्रमुख होता आणि चौतीस वर्षं पुस्तकांत बसला होता. उत्तराच्या पहिल्या मसुद्यात त्याने बत्तीस लिहिलं. मग एका पुस्तकात दीडपट सापडलं, दुसऱ्यात पावणेदोनपट, तिसऱ्यात ‘मिश्रधातूवर अवलंबून’. चौथा मसुदा आट्याच्या व्याख्येपासून सुरू झाला, सतरा पानांवर गेला आणि त्यात आकडा घालायचाच राहिला.

खरं कारण वेगळं होतं, आणि ते त्याला चांगलं माहीत होतं. पंपाच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘तपासले’ या शब्दापुढे त्याची सही होती.

संचालक शेरमातोविच यांनी पंपाचं वजन चाळीस किलोंनी उतरवलं होतं आणि त्याबद्दल पदक मिळवलं होतं. उतरवलं म्हणजे ड्रॉइंगवरचा ‘बीड’ हा शब्द खोडून तिथे ‘अॅल्युमिनियम’ लिहायला लावला होता. बाकी रेघ न् रेघ तीच. ही गोष्ट बैठकीत एसेनकुलच्या लक्षात आली, तेव्हा तो खाकरला होता. इतिवृत्तात ‘हरकत नाही’ अशी नोंद झाली.

तक्रारी येऊ लागल्यावर कारखाना काही हात बांधून बसला नाही. त्याने सगळीकडे लांब बोल्ट पाठवले. भोक तेवढंच, बोल्ट जाऊन तळाला टेकला, पान्याला तो घट्ट बसल्यासारखा वाटला आणि झाकण सैल राहिलं. मग कारखान्याने एक रंगीत पाटी पाठवली: ‘बोल्ट प्रेमाने आवळा.’

ऐन पेरणीत बुरुलचा तिसरा पंप गेला. आता चौकशी समिती कोक-जारला निघाली होती. संचालक स्वतः, कारखान्याचे वकील नुरगाजी, आणि तज्ज्ञ म्हणून एसेनकुल. अहवाल निघण्याआधीच टाइप झाला होता: ‘मेकॅनिकने पान्याला पाइप लावून अतिरेकी जोर दिल्याने आटे निघाले. तिला कामावरून कमी करावे.’ तज्ज्ञाची सही तेवढी बाकी होती.

“जागा पाहून करतो,” एसेनकुल म्हणाला. चौतीस वर्षांत एवढं धाडसी वाक्य त्याच्या तोंडून गेलं नव्हतं.

चौकशी वीस मिनिटांत उरकली. बुरुल पंचेचाळिशीची, रुंद हाताची बाई. तिने निघालेले बोल्ट एका वाडग्यात घालून पुढे ठेवले. प्रत्येकाच्या अंगाला अॅल्युमिनियमचे आटे स्प्रिंगसारखे गुंडाळलेले होते.

“पाइप कुठे लपवलास?” नुरगाजीने विचारलं.

“पाइपातून पाणी जातं, साहेब. म्हणजे जायचं.”

मग ती म्हणाली, “चला, मांस गार होईल.”

समिती झाली तरी पाहुणेच ते. पाहुणा उपाशी गेला तर सात पिढ्या बोलणी खाव्या लागतात. म्हणून जिची नोकरी जाणार होती तिनेच नोकरी घेणाऱ्यांसाठी मेंढा कापला होता.

“काय मऊ शिजवलंयस, बुरुल!” शेरमातोविच बोटं चाटत म्हणाले.

“तुमच्या पंपाइतकं मऊ नाही जमलं.”

पंगतीला बसलेल्या जीपच्या ड्रायव्हरला ठसका लागला. बुरुलने एसेनकुलच्या पेल्यात चहा ओतला. “आगाय, माझं पत्र मिळालं होतं?”

“मिळालं.”

“अस्सं. मी उगाच टपालवाल्यांना शिव्या घालत होते.”



मेंढ्याचं डोकं थोरल्या पाहुण्याला देतात. शेरमातोविचनी मिशा पुसून तयारी केली होती, पण एसेनकुल त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा निघाला. ताट त्याच्यापुढे आलं, आणि ताटाबरोबर जेवणानंतरची दुआही. थोरला दुआ मागतो तेव्हा सगळ्यांनी ओंजळ वर धरायची. त्याचं संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हात खाली घ्यायचा नाही, आणि शेवटी ‘ओमीन’ म्हणायचं. एसेनकुल एरवी चार शब्दांत सुटत असे.

त्याने ओंजळ उघडली. समोर नव्वद वर्षांची बुरुलची सासू डोळे न मिटता त्याच्याकडे बघत होती.

“या घरात आरोग्य नांदो. जनावरं वाढोत,” तो म्हणाला आणि थांबला. सगळ्यांनी ‘ओमीन’साठी श्वास घेतला. तेवढ्यात तो पुढे बोलू लागला, खाली मान घालून, कारकुनी आवाजात. “या केंद्राच्या पंपाचे आटे बत्तीस मिलिमीटर खोल असोत. वीस मिलिमीटर बिडाचे होते, अॅल्युमिनियमला पुरत नाहीत. वेळ आलीच तर बोल्ट तुटो, पण आटे न निघोत, कारण बोल्ट दुसरा मिळतो. उथळ भोकात लांब बोल्ट पाठवणाऱ्यांना सुबुद्धी होवो. हे माहीत असून ज्याने सही केली, त्याला क्षमा होवो. आणि जिने वेळेवर विचारलं, तिच्या नोकरीला कुणाचा हात न लागो.”

शेरमातोविचनी एसेनकुलकडे डोळे वटारले. पण ओंजळ खाली आली नाही.

“ओमीन,” एसेनकुल म्हणाला.

“ओमीन!” ड्रायव्हर जरा जास्तच मोठ्याने म्हणाला. नुरगाजी सवयीने म्हणून गेला आणि मग जीभ चावली. म्हातारीची नजर संचालकांवर खिळली.

“ओमीन,” शेरमातोविच म्हणाले आणि त्यांनी तोंडावरून हात फिरवले.

जीप गावाबाहेर पडल्यावर त्यांनी अहवाल एसेनकुलच्या मांडीवर ठेवला. “सुरेख दुआ मागितलीत. पण दुआ फायलीला लावता येत नाही. इथे सही करा.”

ते खरंच होतं. आता समोर ताट नव्हतं, म्हातारी नव्हती, आणि एसेनकुलची भीती मागच्या बाकावर त्याच्या शेजारी येऊन बसली होती. पेन हातात आलं. तालुक्याच्या चौकात टपाल कचेरी दिसली.

“थांबव रे जरा.”

ड्रायव्हरने असा करकचून ब्रेक मारला की नुरगाजीची टोपी पुढे गेली.

सही न केलेला अहवाल बाकावर ठेवून एसेनकुल उतरला. खिडकीवरच्या बाईकडून त्याने कागद मागून घेतला. लिहिलं: ‘बुरुलला. चौथा पंप येईल तेव्हा बसवण्याआधी त्याची भोकं आणखी खोल कर, त्यांत बत्तीस मिलिमीटर आटे पाड आणि तळाला थोडी जागा सोड. बोल्ट झाकणाची जाडी अधिक आट्यांची खोली एवढा लांब घे, पण तळाला टेकू देऊ नकोस. चूक ड्रॉइंगची आहे. ड्रॉइंगवर सही माझी आहे. हे पत्र कुणालाही दाखव.’ बत्तीसच्या आधी त्याने ‘साधारणतः’ घातलं होतं, ते खोडलं. पुस्तकांची यादी जोडावी का, असं मनात आलं. जोडली नाही. खाली पूर्ण नाव लिहिलं.

“कोक-जार?” बाई पत्ता वाचत म्हणाली. “आगाय, जीप तर तिकडूनच आली. हातोहात नाही का द्यायचं?”

“हातोहात दिलेल्यावर शिक्का नसतो, पोरी.”

बाहेर शेरमातोविच हॉर्न वाजवत होते. बाईने शांतपणे तारीख फिरवली, शिक्का शाईवर दाबला आणि पाकिटावर हाणला. पावती तिने त्याच्या हातात दिली आणि पाकीट कोक-जारच्या थैलीत टाकलं.