शास्त्रातला ठेचा

आता सारं निस्तरलं म्हनून सांगून राहिली. फेब्रुवारीत कोनी इचारलं असतं तं मी तोंडाले कुलूप लावून बसली असती, कारन अर्धी चूक माही होती.

माही नात अपेक्षा आठ वर्साची. अकोल्यात शाळेत जाये तवा रोज सकाळी तिचं पोट दुखे. वाचता येत नाही म्हनून बाई तिले भिंतीकडे तोंड करून उभी करे. रविवारी मात्र पोट अगदी टनटनीत, चर्चमध्ये ही पोट्टी सर्वाईच्या वरच्या पट्टीत गाये. शेवटी माह्या सुनेनं, प्रणालीनं, आठ दिवस प्रार्थना केली अन् शाळेतून नाव काढलं. म्हने, "आई, प्रभूच्या भरवशावर घरीच शिकवते." माहा पोरगा मनोज बियान्याच्या कंपनीत हाय, अकोट-बाळापूर फिरत राहते. तो म्हने, "परीक्षा पुढं मुक्त शाळेतून देता येते. होऊ दे."

साऱ्याईले पटलं, एका प्रणालीच्या बापाले सोडून. वामनराव, म्हंजे आमचे इवाई, अमरावतीले हेडमास्तर होते. रिटायर होऊन बारा वर्सं झाली, पन अजून बी त्याईनं खाकरलं तं स्टँडावरच्या एसट्या रांगेत उभ्या राहतात. खोटं वाटत असन तं जाऊन पाहा.

नाताळात ते आले अन् पोरीसमोर वाचाले पेपर ठेवला. तिनं पेपराकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, अन् मोरीत जाऊन बसली.

"ठीक आहे," इवाई म्हनाले. "ईस्टरपर्यंत एक पान वाचून दाखवलं नाही, तर जूनपासून ही माझ्याकडे, अमरावतीला. शाळेचा फॉर्म मी घेऊनच येतो."

मनोजनं मान खाली घातली. पोट्टी अमरावतीले गेली तं दुपारी माह्या गोष्टी आयकनार कोन? मनोज? तो तं पहिल्याच वाक्याले घोरते.

प्रणाली बी.एड. शिकली हाय. दुसऱ्याच दिवशी तिनं भिंतीवर टाइमटेबल लावला. सातले प्रार्थना, सात-वीसले वाचन, आठले शुद्धलेखन, मधात दहा मिनिटं दूध. घंटा म्हनून ताटली वाजवे. पंधरा दिवसात पोट्टीचं पोट पुन्हा दुखाले लागलं, अन् आता तं घरातल्या घरात!

एक दिवस सकाळी आमी तिघी प्रार्थनेले बसलो. प्रणालीनं डोळे मिटले, "हे प्रभू, आज..." म्हनलं, अन् तिथंच तिले झोप लागली. आमी वाट पाहून राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"आजी," पोट्टी माह्या कानात म्हने, "मी आमेन म्हनू का?"

मले हसू आवरेना. प्रणाली दचकून जागी झाली अन् रडाले लागली. "माझ्याच्यानं होत नाही आई. मी हारली."

"काहून रडून राहिली वं?" मी म्हनलं. "येशूनं बारा शिष्याईले कोनता टाइमटेबल देला होता? रस्त्यानं चालता चालता शिकवलं, भाकर खाता खाता शिकवलं. अन् त्यातला एक तरी पहिल्या खेपेले पास झाला का?"

रडता रडता ती फिसकन हसली. उठली, कागद भिंतीवरून काढला, घडी करून कपाटात ठेवला. मंग आमी दोघी गुडघ्यावर बसलो. ती एवढंच म्हनली, "प्रभू, मले रस्ता दिसत नाही. तू दाखव. तू दाखवशीन तसं चालू."

त्या दिवसापासून घरात हवा आल्यासारखी वाटली. पोट्टी माह्यासंगं भाजीबाजारात ये, वांगे मोजे, भाजीवालीनं सुट्टे बरोबर देले का पाहे. बापासंगं बाळापूरले जाये, नदीच्या काठावर गोटे वेचे, कोनता पान्यावर टप्पे खाते ते पाहे. पोटदुखी गेली. वाचनाचं तेवढं काही दिसेना. प्रणाली मधातच इचारे, "दाखवीन ना हो आई प्रभू रस्ता?" मी म्हनो, "दाखवीन तं!" अन् मनातल्या मनात ईस्टरचे दिवस मोजो.

दुपारी मी शास्त्रातल्या, म्हंजे बायबलातल्या, गोष्टी सांगो. जशाच्या तशा सांगितल्या तं पोट्टी पेंगते, म्हनून जराशी फोडनी टाको. योना माशाच्या पोटात गेला तं तिथं त्याले पानदान सापडलं, अन् तीन दिवस त्यानं मजेत सुपारी कातरली. मंग येशूनं एका पोट्ट्याच्या डब्यातून पाच हजार लोक जेवू घातले ती गोष्ट सांगतली तवा मी म्हनलं, त्या लहान पोट्ट्याच्या डब्यात पाच ज्वारीच्या भाकरी, दोन मासळ्या, अन् त्याच्या आजीनं देलेला मिरचीचा ठेचा होता. ठेचा असा जहाल का पाच हजार लोक तळ्यावर पानी प्याले धावले अन् तळं अर्धं झालं.

पोट्टीनं हे रविवारच्या शाळेत जसंच्या तसं सांगितलं. तिथं आमच्या चर्चच्या पाळकाची बायको, हर्षाबाई, शिकवते. सारे लेकरं पोट धरून हसले. पोट्टी घरी आली तं गाल लालबुंद.

प्रणालीचा तोल गेला. "आई! एक तं तिले वाचता येत नाही, अन् आता शास्त्र बी खोटं शिकून राहिली, तुमच्याच्यानं! बाबाच बरोबर हायत. जाऊ द्या तिले अमरावतीले."

ते लय लागलं मले. कबूल करून मोकळं व्हाले पाह्यजे होतं. पन पोट्टी समोर उभी राहून म्हने, "आजी, ठेचा नव्हता ना?" अन् माहा हेकटपना आडवा आला.

"होता," मी म्हनलं. "नसन तं दाखव मले."

त्यानंतर पोट्टी दुपारी गोष्ट मागेना. मले कमी दिसते म्हनून माह्यापाशी मोठ्या अक्षराईचं शास्त्र हाय. ते उशाजवळून नाहीसं होये अन् सांजच्याले जागेवर ये. मले वाटे, रागानं लपवून ठेवून राहिली. लपव म्हनलं, तुहा हक्कच हाय.

ईस्टरचा दिवस आला. चर्चमधून घरी येतो तं वामनराव दारात हजर. काखेत पिशवी, पिशवीत फॉर्म.

"आधी वाचन, मग जेवण," ते म्हनाले अन् पेपर उघडून पोरीसमोर ठेवला.

पोट्टीनं मान खाली घातली. मनोज खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. इवाईनं पिशवीत हात घातला.

मले ते पाहवलं नाही. म्हनलं, "इवाईबुवा, फॉर्म कुठं पळून चालला? आधी जेवा. हा ठेचा घ्या. अस्साच होता त्या पोट्ट्याच्या डब्यात..."

"नव्हता!"

पोट्टी ताडकन उभी झाली. "नव्हता आजी! खोटं बोलून राहिली तू!" धावत गेली अन् माहं शास्त्र घेऊन आली. त्यात कागदाच्या चार पट्ट्या खोचलेल्या.

"हर्षाबाईले मी इचारलं, ही गोष्ट कुठं हाय. त्याईनं चार ठिकानी पट्ट्या लावून देल्या. तीनात तं ते पोट्टंच नाही! एकात हाय. अन् त्याच्यापाशी भाकरी जवाच्या हायत. ज्वारीच्या बी नाहीत!"

"तुले कोनं वाचून दाखवलं?" प्रणालीनं इचारलं.

"कोनंच नाही. ठेचा नाही हे पाहाले सारं पान पाहा लागते ना! एखाद्या वेळेस खाली असला तं?"

अन् बोट ठेवून वाचाले लागली. जोडाक्षर आलं का अडे, मागं जाये, जोर लावून पुढं सरके. पान संपलं.

"पाठ केलं असेल," इवाई म्हनाले. पुस्तक वढून घेतलं, भलतीकडेच उघडलं अन् बोट ठेवलं. तिथं निघाली जुन्या लोकाईची वंशावळ. पोट्टी एकेका नावापाशी ठेचकाळून राहिली. याले तो झाला, त्याले तो झाला. सातव्या नावावर थांबून म्हने, "आबा, यांच्यात बाया नव्हत्या का?"

वामनरावनं चष्मा काढला. फडक्यानं पुसला. पुन्हा घातला. "कोणी शिकवलं हिला?"

"मी नाही, बाबा," प्रणाली म्हनली.

"माह्याकडे पाहू नका," मी म्हनलं. "मी तं धडधडीत खोटं सांगून राहिली होती."

"मग?"

प्रणालीचे डोळे भरून आले. "आमी प्रभूपाशी मागितलं होतं, बाबा. तो कसं देईन ते मातर मले ठाऊक नव्हतं."

इवाईनं फॉर्मची पिशवी खुर्चीखाली सरकवली अन् म्हनाले, "वाढा." मनोज खिडकीतून वळला तं त्याचं नाक लाल झालं होतं. मी आपलं वाढाले लागली. पोरीच्या ताटात दोन पुऱ्या जास्त टाकल्या अन् तिच्या कानात म्हनलं, "चुकलं माहं." ती म्हने, "पानदान बी नव्हतं. मी पाह्यलं."

सांजच्याले त्याईले सोडाले सारे स्टँडावर गेलो. अमरावतीची एसटी लागली होती. पायरीवर पाय ठेवून इवाई पोरीले म्हनाले, "आता दर आठवड्याला मला एक पत्र लिहीत जा."

"आबा, मले लिवता कुठं येते?"

मी प्रणालीकडे पाह्यलं. तीन महिन्याआधी ती घरी जाऊन शुद्धलेखनाचे चौकोन आखत बसली असती. ती हसाले लागली. असं हसू आलं तिले का तिथल्या बाकावर बसाव लागलं, बाजूची बाई पिशवी सावरून सरकली.

"लिवता येईन, बाबा," ती हसता हसता म्हनली. "येईन तिले. बसा तुमी, गाडी निघून राहिली."

घरी आलो तवा अजून उजेड होता. प्रणाली चटईवर आडवी झाली अन् स्वयपाकाचं काही न इचारता झोपली. पोट्टीनं पंखा वाढवला. आमी दोघी अंगनात गेलो अन् दार हळूच लोटून घेतलं.