महागूचा निर्दोष पाय

पासष्टच्या लढाईत महागूचा उजवा गुडघा कामातून गेला, तरी अपंगत्वाची पेन्शन नामंजूर झाली. बालाघाटच्या कचेरीत बाबूने चौकशीचा अहवाल वाचून दाखवला, "गावकऱ्यांच्या सांगण्यानुसार अर्जदार मोहाच्या झाडावर सरसर चढतो."

महागू लंगडत लांजीकडच्या आपल्या गावी परतला.

"आत्या, चौकशीवाल्याले असं काहून सांगितलं?"

"मले काय मालूम तो सरकारी होता?" दुर्गाबाई म्हणाली. "छत्री घेऊन आला, भाच्याचा पाय कसा हाय म्हणे. मले वाटलं पोरीवाला."

लग्नाच्या पोराबद्दल कोणी विचारायला आलं की गावात खोट काढायची रीत नव्हती. आंधळा असला तरी त्याला चार कोसांवरचं दिसायचं. आत्याने तर महागूला नुसतं झाडावर चढवलं होतं. शेजाऱ्यांनी त्याला बैलांच्या पुढे पळवलं होतं.

महागूने फेरअर्ज केला आणि आत्याला बजावलं, आता कोणीही येवो, खरं तेच सांगायचं.

आठ दिवसांनी पुन्हा एक छत्रीवाला आला. आत्याने डोळ्यांत पाणी आणून गुडघ्याची सगळी कर्मकहाणी ऐकवली. पाहुणा उठला.

"मंग राहू द्या. लंगड्याले आमी पोरगी नाही देत."

हा खरोखरीचा पोरीवाला निघाला, परसवाड्याचा डोमाजी. आत्याने कपाळाला हात लावला. महागूने मात्र कागद-दौत पुढे केली.

"मामाजी, हेच लिहून द्या."

डोमाजीने लिहिलं, 'पाय अधू असल्याकारणाने सोयरीक मोडली.' सही केली, जरा विचार केला आणि खाली आणखी एक ओळ जोडली, 'पेन्शन मंजूर झाल्यास मला कळवावे.'