उन्हाने मेलेले अकरा उंदीर

वैदेहीच्या पत्राला मी दीड वर्ष उत्तर दिलं नव्हतं. ही माझी जुनी विद्यार्थिनी आता पुण्यात औषधांच्या अतिसूक्ष्म कणांवर काम करते. ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांची माहिती एकत्र करायची आणि कोणता कण शरीराला बाधेल ते संगणकावरच्या मॉडेलकडून आधीच काढून घ्यायचं. तिने लिहिलं होतं, ‘सर, सगळे जमलेलेच प्रयोग पाठवतात. मग मॉडेल सगळ्यालाच सुरक्षित म्हणतं. तुमचे फसलेलेही पाठवा.’

फसलेला प्रयोग माझ्या कपाटात होता. आमच्या कॉलेजात दोन वह्या असत. प्रयोग चालू असताना दिसेल ते रफ वहीत लिहायचं. फेअर वहीत विभागप्रमुख सांगतील ते. कर्करोगाच्या औषधाच्या कणांवरचा लेप आम्ही जाड केला आणि वीसपैकी अकरा उंदीर मेले. फेअर वहीत मी वळणदार अक्षरात लिहिलं : ‘उन्हामुळे मृत्यू, गणनेतून वगळले.’ सोलापुरातला मे महिना, शंका कोण घेणार? त्याच खोलीत तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी टोचलेले सगळे उंदीर मात्र जिवंत होते. शोधनिबंध उरलेल्या नऊंवर निघाला.

गेल्या आठवड्यात वैदेहीचा फोन आला.

“सर, अभिनंदन. मॉडेलने जाड लेपच निवडलाय. पुढच्या महिन्यात रुग्णांवर चाचणी. मुख्य आधार तुमचाच निबंध.”

मी “बरं” म्हणालो.

तिला खरं कळवण्याआधी मी सात रस्ता चौकात, तेव्हाचे विभागप्रमुख उदयसिंह सरांकडे गेलो. ते आमरस खात होते.

“रफ वही अजून ठेवलीय? उंदरांचं श्राद्ध घालताय काय, वेणीमाधवराव?”

“सर, माणसांना देणार आहेत.”

“मग त्यांचे डॉक्टर बघतील की. निबंधावर नाव तुमचं पण हाय, ते विसरू नका.” त्यांनी बोटं चाटली. “बसा, रस घ्या.”

मला नको म्हणता आलं नाही. वाटी संपवली, वर “गोड आहे” असंही म्हणालो. घरी येऊन मोरीत ओकलो.

बायकोने, लीलाने, पाण्याचा तांब्या पुढे केला. “परवानगी मागायला गेला होतात?”

“हो.”

“दिली?”

“रस दिला.”

“मग वैदेहीला रसाचंच कळवा.”

मी लिहायला बसलो. पहिल्या चार कागदांवर ऊन होतं, वरिष्ठांचा दबाव होता, माझा भित्रा स्वभाव होता. वाचून किळस आली; फाडले. पाचव्यावर एवढंच उरलं :

‘चि. वैदेही, ते अकरा उंदीर उन्हाने नाही, लेपाने मेले. खोटं कारण लिहिणारं अक्षर माझं आहे. रफ वही सोबत आहे. चाचणी थांबवायला सांग. माझं नाव सांगूनच सांग.’

टपाल कार्यालयातल्या बाईंनी पाकीट वजनाला ठेवलं. “आजोबा, साधं की स्पीड पोस्ट?”

“स्पीड पोस्ट.”

त्यांनी शिक्का मारून पाकीट मागच्या थैलीत टाकलं.