खोटी कळ

सकाळची दाढी उरकली की कात्रीकाकांचा दिवस संपल्यातच जमा असे. जन्मभर लोकांचे केस कापले म्हणून त्यांना हे नाव पडले होते. दुकान चालत होते तेव्हा त्यांची जीभही कात्रीसारखीच चाले. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड आणि गप्पा एकदमच आवळल्या जातात, असे लोक गमतीने म्हणत. पुढे गुडघे गेले, दुकान गेले, बायकोही गेली. मुलगा परगावी मोठ्या नोकरीत. दर रविवारी दुपारी त्याचा फोन येई. "बाबा, बरं आहे ना? गोळ्या घेताय ना? चला, ठेवतो." एवढ्यात बाप आटोपलेला असे.

इमारतीतले शेजारी जिन्यात भेटले की मान हलवत आणि घाईने आपापली दारे लावून घेत. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत काकांना सगळे सोसवे, पण एक गोष्ट सोसवत नसे. ज्यांचे हात उभा जन्म कोणाच्या ना कोणाच्या डोक्यावर होते, त्यांच्या अंगाला आता महिनोन्‌महिने माणसाचा हात लागत नव्हता.

पहिल्यांदा कळ आली ती खरी होती. घाबरून त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. गाडीबरोबर आलेल्या नर्सबाईंनी त्यांचे मनगट धरले, छाती तपासली, पाठीवरून हात फिरवला आणि हसून म्हणाल्या, "गॅस झालाय हो काका! उगाच आमचा जीव टांगणीला लावलात." त्या रात्री काकांना बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

दुसऱ्यांदा आलेली कळ खोटी होती. तिसऱ्यांदाही.

बाईंनी ओळखले. सामान आवरता आवरता त्यांनी विचारले, "काका, खरं सांगा, दुखतंय की करमत नाही?"

काका ओशाळले.

"करमत नसेल तर खाली बागेत जाऊन बसा, कोणाशी बोला. या भागाला ही एकच गाडी आहे. तुमच्यापायी दुसऱ्या कोणाचा तरी जीव जायचा."

"नाही करणार पुन्हा," काका म्हणाले, आणि तेव्हा ते मनापासूनच म्हणाले होते.

मग एका रविवारी मुलाचा फोन आला नाही. जेवण झाले, ताट धुऊन झाले, उन्हे भिंतीवरून सरकली. काकांनी आपणहून फोन लावला. तिकडे कोणी उचलला नाही. टेबलापाशी नुसते बसून बसून त्यांना स्वतःच्या श्वासाचाही आवाज नकोसा झाला. अखेर हात फोनकडे गेला.

"छातीत दुखतंय. घाम फुटलाय. लवकर या."

फोन ठेवल्यावर त्यांनी केस विंचरले, दाराची कडी काढून ठेवली आणि दोन कप चहा टाकला.

बाई आणि ड्रायव्हर स्ट्रेचर घेऊन धापा टाकत तीन जिने चढून आले. बाईंची नजर कपांवर गेली. त्या काही बोलणार इतक्यात त्यांचा फोन वाजला. मागच्याच गल्लीत बेकरीवाला भट्टीपुढे कोसळला होता. बाई बॅग उचलून पळाल्या. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडल्याचा आवाज आला, मग खिडकीतून काकांना दिसले, अरुंद गल्लीत गाडी वळता वळेना. थोड्या वेळाने मागच्या बाजूने एका बाईचा हंबरडा ऐकू आला. तो बेकरीवाला शाळकरी होता तेव्हापासून त्याचे डोके त्यांच्याच हाताखाली वाढले होते.

जरा आधी पोहोचता आले असते तर तो वाचला असता, असे डॉक्टर म्हणाले. नर्सबाईंनी तक्रार दिली. पोलीस आले, आणि त्यांच्या पाठोपाठ मुलगाही वकील घेऊन धावत आला.

"वयामुळे यांना भास होतात, असं सांगू," वकील म्हणाले. "तसा दाखला मिळेल. एक दिवसही आत बसावं लागणार नाही."

"बाबा, तुम्ही फक्त गप्प बसा," मुलगा म्हणाला.

"गप्पच तर बसलोय रे इतकी वर्षं."

कोर्टात वकील उभे राहण्याआधीच काका उभे राहिले. "साहेब, माझं डोकं ठिकाणावर आहे. मला काही झालं नव्हतं, हे मला माहीत होतं. गाडी एकच आहे, हेही माहीत होतं. या बाईंनी मला बजावलं होतं."

"मग फोन का केलात?" न्यायाधीशांनी विचारले.

"कोणीतरी यावं म्हणून."

कोर्टात कोणीतरी हळहळले. शेजाऱ्यांपैकी एकीने डोळ्यांना पदर लावला. तेव्हा मागच्या बाकावरून बेकरीवाल्याची बायको उठली. तिचा आवाज चढला नाही.

"काका, त्या दिवशी माझ्याकडेही कोणीतरी यायलाच हवं होतं."

काकांनी तिच्यापुढे हात जोडले. तिने ते पाहिले आणि तोंड फिरवले. क्षमा मागण्याचा हक्क आपल्याला आहे, ती मिळण्याचा नाही, हे काकांना त्या घटकेला कळले.

एकटेपण हे दुःख आहे, पण ती सबब होऊ शकत नाही, असे सांगून न्यायाधीशांनी कैदेची शिक्षा सुनावली. वय पाहून मुदत कमी ठेवली होती. अपील करू, म्हणून वकील पुढे आले. काकांनी मान हलवून नको म्हटले.

बाहेरच्या व्हरांड्यात मुलगा आडवा आला. त्याचा चेहरा पार उतरला होता. "बाबा, त्या रविवारी मी मीटिंगमध्ये होतो. नंतर करू म्हटलं, आणि राहून गेलं. माझ्यामुळे झालं का हो हे?"

नाही म्हणावे, पोराला मोकळे करावे, असे काकांच्या ओठांवर आले होते. पण एका खोट्याने काय होते ते त्यांनी नुकतेच पाहिले होते.

"फोन मी केला. तो गुन्हा माझा," ते म्हणाले. "त्याला कलम आहे, शिक्षा आहे. तुझं जे आहे ना बाळा, त्याला कलमच नाही. ते तुझं तुलाच बघावं लागेल."

शिपायाबरोबर काका जिना उतरू लागले. मुलगा जागचा हलला नाही. त्याच्या मागे इमारतीतले शेजारी उभे होते. त्यांनीही ते वाक्य ऐकले होते, आणि कोणीच कोणाकडे बघत नव्हते.