इनासची बावीस पावलं

चिंधीला अजूनही एक गुंडी होती. पांढरी, चार भोकांची, एका भोकातला दोरा सुटलेली... सालोमी चिंधी बांबूच्या काठीला बांधता बांधता ती गुंडी अंगठ्यानं फिरवत राहिली. इनासच्या देवळात जायच्या सदऱ्याच्या तिनं सकाळीच अकरा चिंध्या केल्या होत्या. नवऱ्याचा सदरा फाडताना रडू येईल असं गृहीत धरून तिनं पदर हाताशी ठेवला होता. पण सदरा असा सहज टरकला, की सात वर्षं तो पेटीत ह्याचीच वाट बघत असावा. माणूस गेल्यावर कापडानं तरी थोडा विरोध करावा की नाही?

"बाय, खुना किती झाल्या?" शत्रुघ्ननं विचारलं.

"दहा."

तीन खोडं, रहाटाचे दगड, जुनी तार – ज्या ज्या गोष्टी घाणेरीच्या जाळीत दडून बसल्या होत्या, त्या प्रत्येकीजवळ आता इनासच्या सदऱ्याचा एकेक तुकडा फडफडत होता. देशात धान्य कमी आणि झुडपं फार झाली आहेत हे सरकारच्या ध्यानात आलं होतं, आणि झुडपांच्या बाबतीत तरी गिरीज गावानं देशाला निराश केलं नव्हतं. म्हणून ट्रॅक्टर आला होता. आजचा दिवस तिच्या वाडीला, उद्या आगाशीला. तो चालवणारा शत्रुघ्न गोखिवऱ्याचा, काटकुळा, त्या यंत्रावर बसला की विसरून राहिलेल्या छत्रीसारखा दिसणारा. पण जमीन आधी पायांनी पाहिल्याशिवाय तो वर चढत नसे.

"आडवं आलेलं दिसतं, बाय. उघडा खड्डा दिसत नाय. अकरावी कशाची?"

अकरावी विहिरीची. इनासनं खणलेली, अठरा हातांवर खारं पाणी लागलेली, आणि खाऱ्या पाण्याला कठडा कशाला म्हणून तशीच सोडलेली. वर बांबू टाकून झावळ्या पसरल्या होत्या, त्या केव्हाच कुजल्या असतील. 'फणसापासून समुद्राकडे बावीस पावलं. त्या बाजूला तू यायचंच नाही,' त्यानं बजावलं होतं, आणि आयुष्यात नवऱ्याची जी एक गोष्ट तिनं निमूट ऐकली ती नेमकी हीच. भाकरी फणसाला टांगायची, हाक मारायची, मागं फिरायचं. विहीर तिनं पाहिलीच नव्हती.

शत्रुघ्न कोयत्यानं वाट काढत पुढं, हातातला बांबू जमिनीवर आपटत. मागून सालोमी रोझरीच्या मण्यांवर पावलं मोजत – दहा-दहा मण्यांची दोन दशकं आणि वर दोन मणी. बांबू टणक जमिनीवर आपटला. आजूबाजूलाही टणक.

"वैनी, पलटणीत नाव घातलंस काय?" कुंपणापलीकडून नणंद फ्लॉसीनं विचारलं. फ्लॉसीचं लग्न झालं नव्हतं, आणि तिच्याशी अर्धा तास बोललं की त्याचं कारण विचारावं लागत नसे.

"पावलं तुमची मोजली का त्यांची?" शत्रुघ्न म्हणाला.

खरंच की. सालोमी पुन्हा फणसाशी आली. इनासची पावलं तिला का ठाऊक नव्हती? सव्वीस वर्षं दर रविवारी देवळात मिस्सेला ती त्याच्या शेजारून चालत गेली होती – हात मागे बांधून, रस्त्यातला प्रत्येक दगड ओळखीचा असल्यासारखा, गोगलगाईच्या तालात... 'अरे, पाय उचल, फादर आशीर्वाद देऊन घरी जेवायला जातील!' मी अर्धं पाऊल पुढं, तो अर्धं मागं. दर रविवारी. तिनं तसेच हात मागे बांधले, तसेच पाय टाकले आणि बाविसावं पाऊल पडलं ते पहिल्यापेक्षाही अलीकडे, नुकत्याच तोडलेल्या जाळीत.

शत्रुघ्ननं घाम पुसला. "इथनं तर आताच गेलो. बाय, अंदाजावर मी ट्रॅक्टर नाय घालणार. हा अर्धा तुकडा सोडतो."

हाच तर केळी लावायचा तुकडा. पुढच्या वर्षी ट्रॅक्टर येईल न येईल. 'बुजली असेल ती, घाल तू' – शब्द अगदी दातांपर्यंत आले. तो घालेलही, त्याचा तिच्यावर विश्वास होता, हीच पंचाईत. ती त्याच्या अनवाणी, चिखल वाळलेल्या पायांकडे बघत राहिली... पाय...

सकाळी रांधताना चुलीपुढून खिडकी दिसायची. त्या खिडकीतून इनास वाडीत जाताना दिसायचा, कुणी बघत नाही अशा समजुतीत. खांद्यावर फावडं, गुडघ्यावर खोचलेलं धोतर, पाटाचं पाणी एका ढांगेत पार. वाटेतले कावळे बाजूला होत. खिडकीची चौकट तो चार पावलांत ओलांडायचा, आणि मी भाकरी उलटायला खाली बघायची. तो तोच माणूस होता का?

तिनं लुगडं वर खोचलं.

"बांबू पुढं, पाय मागं," शत्रुघ्ननं बांबू तिच्या हातात देत बजावलं. आणि सालोमी टांगा टाकू लागली – एक, दोन – मांड्या भरून आल्या, फ्लॉसी कुंपणावर वाकून हसू लागली – एका दशकाशी धाप लागली – आणि विसाव्या मण्याला दोन पावलं पुढं टेकवलेला बांबू जाळीतून कोपरापर्यंत खाली गेला.

"थांबा!" शत्रुघ्न ओरडला.

त्यानं दगड टाकला. क्षणभरानं खालून डुबकन आवाज आला.

"पानी हाय," तो हळूच म्हणाला. मग अकरावी काठी रोवली, भोवती आणखी चार ठोकल्या. "चहूकडनं पाच हात सोडतो. कडा कच्ची असते. तुम्ही कुंपनापल्याड जा, बाय. चालू असताना मागंपुढं कोनी नको."

ट्रॅक्टर धडधडला. घाणेरीचा उग्र वास उठला. सालोमी फ्लॉसीजवळ येऊन उभी राहिली.

"सापडली ना? मग तोंड का असं?"

"फ्लॉसी, इनास हळू चालायचा का गं?"

"इनास? वैनी, त्याच्या मागं धावून धावून आम्हा भावंडांच्या चपला झिजल्या. बाबा म्हणायचे, ह्याला बैलगाडी नको, हाच बैलाला ओढेल."

"मिस्सेला जाताना तर..."

"मिस्सेला तो तुझ्याबरोबर जायचा ना," फ्लॉसी म्हणाली, आणि ट्रॅक्टर बघण्यात रमली.

सव्वीस वर्षांचे रविवार. सालोमीनं हिशेब करायचं टाळलं. एवढ्या लांब टांगा दर रविवारी आखडून, मुठीत धरल्यासारख्या... आणि वर माझं ऐकून घ्यायचं. एकदा तरी म्हणायचं होतंस, मेल्या. एकदा तरी पुढं निघून जायचं होतंस.

तो वर गेला तेव्हाही ती म्हणाली होती, ह्या एकाच कामाला तेवढी घाई केलीस.

ट्रॅक्टर काठ्यांना वळसा घालून परतला. घर इथून शंभर हातांवर होतं, चहा टाकायचा होता. फ्लॉसी "चल" म्हणून निघालीही. सालोमीनं पाय उचलला आणि ती घुटमळली – पाऊल केवढं टाकावं, हेच तिला कळेना.