फलकावरचं तिसरं उत्तर

गुरुवारी सकाळी बाबांनी आमच्या दैनिकाची पुरवणी टेबलावर पसरली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"तिन्ही उमेदवारांना साबुदाण्याची खिचडी आवडते. छान. मत खिचडीलाच द्यायचं का?"

"बाबा, लोक हेच वाचतात."

"दुसरं काही छापून बघितलंत कधी?"

मी पोह्यातले शेंगदाणे वेचत राहिले. ते पान मीच लावलं होतं.

"बरं, आमचा फलक वाचलास?"

"वेळ कुठे असतो, बाबा?"

हिंजवडीत कंपन्या आल्या, फ्लॅटच्या जाहिराती वाढल्या, तसं आमचं दैनिक जाड होत गेलं आणि त्यातली शनिवार पेठ बारीक होत गेली. पेठेतला महापालिकेचा दवाखाना पाडून तिथे मॉल होणार होता. त्याबद्दल आमच्याकडे ओळसुद्धा नव्हती; मॉलवाल्यांची पानभर जाहिरात मात्र होती.

बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक. कोपऱ्यावरचा मंडळाचा वार्ताफलक रोज सकाळी खडूने तेच लिहायचे. रविवारी मतदान होतं, म्हणून त्यांनी उमेदवारांना एकच प्रश्न विचारला होता : दवाखाना राहणार का? दोघांची उत्तरं फलकावर लागली होती. तिसऱ्या, रावसाहेबांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'उत्तर आलेले नाही. घाई नाही, मतदान रविवारी आहे.' हे रावसाहेब आमच्या पहिल्या पानावर आठवडाभर हसत होते.

संध्याकाळी बाबा खुशीत घरी आले.

"गाठलं त्यांना! म्हणाले, दवाखाना जुना झालाय, पाडायच्या ठरावाला माझा पाठिंबा आहे. वर मलाच विचारतात, तुम्ही कुठल्या चॅनेलचे? म्हटलं, खडूचे." स्वतःच्याच विनोदावर ते बराच वेळ हसले. "उद्या लिहितो."

शुक्रवारी पहाटे ते झोपेतच गेले.

वैकुंठ स्मशानभूमीतून परतलो, तर मंडळाचे अध्यक्ष हिंदुराव दारात उभे. पेठेत कुणी गेलं की फलकावर श्रद्धांजली लिहायची रीत होती, आणि ती नेहमी बाबाच लिहायचे.

"पूर्वाताई, तुम्हीच लिहा. आमचं अक्षर बघून गोपाळराव वरून चुका काढतील."

फलकावर अजून गुरुवारच होता. हिंदुरावांनी ओलं फडकं उचललं.

"पुसू नका," मी म्हणाले.

फक्त रावसाहेबांच्या नावापुढची ओळ पुसली आणि तिथे त्यांचं उत्तर लिहिलं. माझी ओळ तिरकी गेली.

"आणि श्रद्धांजली?"

"खाली जागा आहे."

दळण घेऊन निघालेल्या सरोजिनीकाकू थांबल्या. "अगं बाई, रावसाहेबही दवाखाना पाडायच्या बाजूचे? पेपरात तर काहीच नव्हतं!"

"नव्हतं, काकू."

त्या दुसऱ्या कुणाला तरी हाक मारायला गेल्या. मी खाली बाबांचं नाव लिहिलं. खडू संपत आला होता.

"बाबा," मी फलकाकडे बघत म्हणाले. हिंदुराव ऐकत होते, ऐकू देत. "मी रोज वळसा घालून इथूनच ऑफिसला जायचे. आधी तुमचा फलक वाचायचे, मग आमचा पेपर."