तिसऱ्या रांगेतली बाई

सोजरबाईंचं पत्र गुरुदत्त सरांनी पुन्हा उघडलं. निळं आंतर्देशीय घड्यांवर विरलं होतं. १९७५ साली आलेलं. सहा वर्षांत त्यांनी उत्तराचं एक अक्षर लिहिलं नव्हतं.

‘सर, जयभीम. आमी कंपनीच्या हॉलात झाडलोट करतो. पत्र लेक सुमेधा लिहितीय, ती तुमच्या वर्गात हाय. तुमी वर्गात सांगता ती तिसऱ्या रांगेतली बाई म्हंजी मीच.’

पिंपरीच्या त्या हॉलात शनिवारी संध्याकाळी कामगारांना चित्रपट दाखवत. आधी एक व्यंगचित्रपट. रेषांचा जाडा माणूस कडा संपला तरी हवेत चालत राही आणि खाली पाहिलं की पडे. लोक तो पडल्यावर हसत. कोण केव्हा हसतं हे सर कडेला बसून वहीत टिपत. तिसऱ्या रांगेतली एक बाई मात्र तो चालत असतानाच हसली. यंत्रांजवळ राबणाऱ्यांना पडणं आधीच दिसतं, असं त्या एका हसण्यावरून सरांनी मांडलं, मानसशास्त्राच्या वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं.

‘मी आदी हसले कारन सकाळीच बगितलं हुतं. आपरेटर रीळ तपासत हुता, मी झाडत हुते. तुमी लिहिताय त्या पुस्तकात चूक ऱ्हाऊ नये म्हनून कळवलं. राग मानू नका.’

आता ते पुस्तक खरंच निघत होतं. तपासलेली मुद्रितं न्यायला सुरेंद्र, त्यांचा जुना विद्यार्थी, निगडीला सरांच्या घरी येऊन बसला होता.

“सर, छापखाना खोळंबलाय. आणि तुम्ही अडवून ठेवलेल्या त्या हसण्याच्या प्रकरणावरच तर पुस्तक उभं आहे.”

“ते प्रकरण खोटं आहे.”

“कोण म्हणतं?”

“जी हसली, ती.”

सुरेंद्रने पत्र वाचलं आणि तो हसू लागला. “अहो सर, हे कुणाला कळणार आहे?”

“तिला कळेल की,” दारातून सरांच्या पत्नी दुर्गाबाई म्हणाल्या. “आणि ह्यांना सहा वर्षं कळतंच आहे. घास घशाखाली उतरत नाही माणसाच्या. चल तू, चहा घे आत.”

सरांनी डोळे मिटले. दुपारचं पांढरं ऊन पापण्यांतून आत येत होतं. रिकामा हॉल. झाडूने उडालेली धूळ झोतात तरंगते आहे, इतकी हळू की खाली बसायचं विसरलीय. पडद्यावरचा जाडा माणूस हवेत चालतो आहे आणि एक बाई हातातला झाडू तसाच धरून उभी आहे. तिचा चेहरा काही केल्या दिसेना.

त्यांनी डोळे उघडले. त्या प्रकरणाच्या आणि त्यावर बेतलेल्या बाकी सगळ्या प्रकरणांच्या प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत रेघ ओढली.

“उरलंय तेवढं छाप,” सुरेंद्र बाहेर आल्यावर ते म्हणाले.

“उरलं काय, सर?”

“प्रस्तावना. आणि संदर्भसूची.”

तो गेल्यावर सरांनी कोरं आंतर्देशीय पत्र घेतलं.

‘सोजरबाईंना जयभीम. चूक काढली. कळवायला सहा वर्षं लावली, क्षमा करा. एक विचारायचं होतं. मी हजारो माणसांचं हसू टिपलं, पण सगळं गर्दीतलं. त्या सकाळी हॉलात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा तुम्हाला हसू आलं होतं का?’

शेवटची ओळ खोडायला पेन टेकलं. मग त्यांनी तसंच पत्र चिकटवलं, वर संत तुकाराम नगरचा पत्ता घातला, निगडीच्या बसथांब्याजवळच्या पेटीत टाकलं, आणि दोन बस निघून जाईपर्यंत तिथेच उभे राहिले.